उजवा पाय आधी

शुक्रवार, दिनांक ३० जानेवारी २०२६ रोजी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी, ब्लॅक फॉरेस्टमधील फेल्डबर्ग डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका स्कीशूलेच्या, म्हणजे स्की-शाळेच्या, लाकडी खोपटासमोर, पद्माकर दिगंबर पाटणकर, वय वर्षे अठ्ठेचाळीस, राहणार बाड हॉम्बुर्ग, हा गृहस्थ प्रौढांच्या तीन दिवसांच्या प्राथमिक स्नोबोर्ड वर्गाला हजर झाला. त्याच्याखेरीज वर्गात पाच जण होते. त्यांतला सर्वांत वयस्कर पस्तिशीचा असावा.

पद्माकर एश्बॉर्नच्या एका कचेरीत सॉफ्टवेअरने काय करावे आणि काय करू नये याचे मसुदे लिहीत असे. एखाद्या वाक्याचे दोन अर्थ निघतात असे त्याला वाटले, तर तीन-तीन दिवस तो त्या वाक्याला सोडत नसे. वादात तो हरल्याचे कुणाला आठवत नव्हते, आणि त्याच्या जिंकण्याने कुणाला आनंद झाल्याचेही आठवत नव्हते. बर्फाशी मात्र त्याचा संबंध गाडीच्या काचा खरवडण्यापुरता होता. तीन हिवाळ्यांपूर्वी त्याची बायको नीता, कचेरीतल्या उल्का नावाच्या मैत्रिणीच्या नादाने, स्नोबोर्ड शिकली. तेव्हापासून पद्माकर तिला डोंगरापर्यंत गाडीने आणून सोडी, पायथ्याच्या हॉटेलात खिडकीपाशी बसून निबंधांचे पुस्तक वाची आणि सूप पिई. या व्यवस्थेत काही उणे आहे असे त्याला कधी वाटले नव्हते.

नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता नीता म्हणाली, "मार्चमध्ये आम्ही आठवडाभर आल्गॉयला जातोय."

"आम्ही म्हणजे?"

"मी, उल्का आणि ऑफिसमधल्या दोघी."

"आणि मी?"

"तू काय करणार तिथे? घर लिफ्टच्या वरच्या स्टेशनाजवळ आहे. रोज बोर्डवर खाली यायचं, लिफ्टने वर जायचं. तुला खिडकीत बसायला तिथे हॉटेलसुद्धा नाही."

तिच्या स्वरात राग नव्हता, टोमणाही नव्हता. पण शब्दांत जन्म घालवलेल्या माणसाला एक शब्द पुरतो. ऐकणाऱ्याला पोटात घेणारे 'आपण' आणि त्याला दाराबाहेर ठेवणारे 'आम्ही' असे दोन शब्द आपल्या भाषेने मुद्दाम वेगळे ठेवले आहेत. आणि बावीस वर्षांच्या संसारात प्रवासाच्या बाबतीत नीताने दुसरा शब्द त्या संध्याकाळी पहिल्यांदाच वापरला होता. तिला ते कळलेही नव्हते. पद्माकरला त्याचीच धास्ती वाटली.

"मी शिकलो तर?" त्याने विचारले.

नीताने मेथीची जुडी खाली ठेवली. ती औषधे बनवणाऱ्या कंपनीत गुणवत्तेची तपासणी करी. कच्च्याला पक्के म्हणणे तिच्या स्वभावात नव्हते. "एक फेब्रुवारीला रात्री उल्काला नावं कळवायची आहेत. तोवर तू वरून खाली एकटा आलास, तर दोघांची देते. पण मी हात धरणार नाही आणि खोटं बोलणार नाही."

"मान्य," पद्माकर म्हणाला, आणि त्याच रात्री त्याने वर्गात नाव घातले.

वर्गाची शिक्षिका लीना नावाची चोविशीतली, उन्हाने नाक सोललेली मुलगी होती. स्नोबोर्डवर माणूस आडवा उभा राहतो, तेव्हा एक पाय पुढे असतो आणि एक मागे. डावा पुढे असेल तर त्याला रेग्युलर म्हणतात, उजवा पुढे असेल तर गूफी. कुणाचा कोणता हे जन्मतःच ठरलेले असते, असे तिने सांगितले. ते ओळखण्याची तिची स्वतःची एक रीत होती आणि तिचा तिला अभिमान होता. ती प्रत्येकाला बाहेर थांबवी, नाव पुकारून खोपटाच्या दारातून आत बोलवी, आणि आत येणाऱ्याच्या चेहऱ्याकडे न पाहता पायाकडे पाही. पद्माकरचे नाव आले. तो उंबरा ओलांडून आत गेला.

"गूफी," लीना म्हणाली आणि त्याच्या हेल्मेटवर पट्टी चिकटवून तिच्यावर 'जी' लिहिला.

"इतक्या लवकर?"

"विचारलं की लोक विचार करतात, हेर पाटणकर. पाय विचार करत नाहीत, म्हणून खोटं बोलत नाहीत."

पद्माकरला हे वाक्य, 'हेर' या जर्मन 'श्रीयुत'सकट, आवडले. त्यात दोष काढता येईना.

त्यानंतरचे दोन दिवस तो पडला. पुढे पडला, मागे पडला, माकडहाडावर पडला, उभ्याउभ्या पडला. बोर्डाला दोन कडा असतात, एक टाचेखालची आणि एक पंजाखालची. उताराकडची कड किंचित जरी बर्फात रुतली, तरी डोंगर माणसाला गालिचा झटकावा तसा झटकतो. बाकीचे पाच जण शनिवारच्या दुपारपर्यंत बोर्ड डावीउजवीकडे वळवू लागले. पद्माकरचे मात्र विचित्र होत होते. उजवा पाय पुढे ठेवून तो निघे, चार हातांवर बोर्ड आपसूक गिरकी घेई, डावा पाय पुढे येई, आणि तो उलट्या तोंडाने छान घसरू लागे.

"हेर पाटणकर, उलटे झालात!" लीना ओरडे. "सरळ व्हा!"

तो सरळ होई, आणि पडे.

कपाळावर आठी नव्हती, तोंडात तक्रार नव्हती. शेंडी तुटो वा पारंबी तुटो, रविवारी वरून खाली यायचे, इतके त्याने ठरवले होते. ठरवलेल्या गोष्टीची नोंद ठेवणे हा त्याचा स्वभाव असल्याने प्रत्येक पडण्याची त्याने वहीत नोंद ठेवली.

शनिवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास, मुक्कामाच्या खोलीत, नीता चहाचा पेला हातात धरून त्याची ती वही चाळू लागली. पद्माकर पोटावर पालथा पडला होता. दुसरी कुठलीच बाजू शाबूत उरली नव्हती.

"हा तिसरा रकाना कसला?"

"पडताना कोणता पाय पुढे होता त्याचा."

"उजवा पुढे असताना एकोणपन्नास वेळा पडलास. डावा पुढे असताना नऊ वेळा. यात तुला काही दिसत नाही?"

"दिसतं ना. मी बहुतेक वेळ उजवाच पुढे ठेवून होतो, त्यामुळे तिकडचा आकडा मोठा असणारच. प्रमाण काढल्याशिवाय निष्कर्ष काढणं..."

"बरं, मग न पडता सगळ्यांत लांब गेलास तो कधी?"

पद्माकरने तोंड उशीत खुपसले. "तीन वेळा. तिन्ही वेळा डावा पुढे होता. पण ती चूक होती. लीनाने लगेच दुरुस्त केली."

"तुझा पुढचा पाय उजवा, हे ठरवलं कुणी?"

त्याने दाराची हकिकत सांगितली. ती पुरी होण्याआधीच नीताने पेला खिडकीत ठेवला, कारण तो हातात ठेवणे धोक्याचे झाले होते. ती इतकी हसली की शेजारच्या खोलीतून कुणी तरी भिंतीवर टकटक केली.

"अरे देवा, दारातून! तू दारातून आत येताना उजवाच पाय टाकतोस, पद्माकर! कायम!"

"मी?" तो कोपरांवर उठला. "मी असलं काही मानत नाही. आपल्या घराच्या गृहप्रवेशाला मुहूर्त नको म्हणून त्या गुरुजींशी व्हिडिओ कॉलवर पाऊण तास वाद घातला होता मी."

"घातलास ना. गुरुजी बिचारे गप्पसुद्धा झाले. आणि मग किल्ली लावून आत गेलास, तो उजव्या पायाने. मी मागेच उभी होते. तेव्हाच सांगणार होते, पण फोन चालू होता, गुरुजींना उगाच बळ आलं असतं."

"योगायोग."

"मग आता करून बघ."

पद्माकर कण्हत उठला आणि खोलीच्या दारातून तीन वेळा आतबाहेर गेला: एकदा डाव्याने, एकदा उजव्याने, एकदा पुन्हा डाव्याने. "या पुराव्याला अर्थ नाही," तो म्हणाला. "परीक्षा आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याची परीक्षा होत नाही."

"बरोबर आहे तुझं," असे म्हणून नीता अंघोळीला गेली. नीता इतक्या सहजी कबूल झाली, याचा त्याने वास्तविक संशय घ्यायला हवा होता. दहा मिनिटांनी आतून हाक आली, "अरे, गरम पाणीच येत नाहीये. बघतोस जरा?"

तो लगबगीने गेला आणि न्हाणीघराच्या उंबऱ्यावरच थबकला, कारण नीता पूर्ण कपड्यांत, हाताची घडी घालून समोर उभी होती आणि त्याच्या पायाकडे बोट दाखवत होती. उंबऱ्याच्या आत पडलेला पाय उजवा होता.

"पाणी येतंय," ती म्हणाली.

पद्माकर टबाच्या कडेवर बसला, आणि बसताच कळवळून उठला. लहानपणीच्या सहकारनगरच्या घराचे दार त्याला आठवले. शाळेतून आला की आतून आई न बघताच म्हणे, "उजवा, उजवा." तो म्हणे, "हो, हो." अठराव्या वर्षी त्याने पुस्तके वाचून, वाद घालून, एकेक समजूत डोक्यातून हुसकून लावली. घरातल्या सगळ्यांना तसे जाहीरही केले. पायाला मात्र कुणी कळवलेच नव्हते.

रविवारी सकाळी साडेआठला तो खोपटापाशी उभा होता.

"माझा पुढचा पाय बदलायचा आहे," त्याने लीनाला सांगितले.

"आज? तिसऱ्या दिवशी?" लीनाने हातातला बोर्ड खाली ठेवला. "हे बघा, हेर पाटणकर, माझी रीत गेल्या पाच वर्षांत एकदाही चुकलेली नाही."

"रीत चूक नाही. पण ती असं धरून चालते की दार म्हणजे नुसतं दार."

"मग दुसरं काय असतं?"

"आमच्याकडे घरात शिरताना उजवा पाय आधी टाकतात. शुभ मानतात."

"तुम्ही मानता?"

"अजिबात नाही."

"पण पाय मानतो."

"गेनाऊ," पद्माकर म्हणाला. इतक्या कमी शब्दांत त्याने आजवर कुणाचे म्हणणे मान्य केले नव्हते.

लीनाने क्षणभर विचार केला. मग ती त्याच्या मागे गेली आणि काही न सांगता दोन्ही तळव्यांनी त्याला पाठीत ढकलले. तोल जाताना सावरायला जो पाय पुढे धावला, तो डावा होता. ती आत जाऊन पेचकस घेऊन आली आणि बोर्डावरचे पायांचे पट्टे उलटे बसवू लागली. हेल्मेटवरची पट्टी तिने स्वतःच ओरबाडून काढली. तिला ते आवडले नव्हते हे दिसत होते.

"अकरा वाजता गट लिफ्टने वर जाईल. तोवर सरावाच्या उतारावर सलग चार वळणं दिसली, तर तुम्ही येणार. नाहीतर नाही. दोन दिवस वाया गेले म्हणून मी सवलत देणार नाही."

"मी मागितलेली नाही."

एखाद्याला वाटेल की पाय बदलला आणि काम फत्ते झाले. तसे काही झाले नाही. दोन दिवस देहाने जे चुकीचे ते मन लावून शिकले होते, आणि मन लावून शिकलेले सहजी जात नाही. पुढच्या पायावर भार द्यायचा म्हटले की भार सवयीने उजव्यावर जाई, आणि उजवा आता मागे होता. पहिल्या तासात तो आदल्या दिवसापेक्षा जास्त पडला. पण पडण्याची जात बदलली होती. काल तो का पडतो आहे हे त्याला कळत नसे. आज पडण्याच्या अर्धा क्षण आधी कळत होते. सरकत्या पट्ट्यावर उभे राहून वर जायचे, पायांचे पट्टे आवळायचे, उठायचे, निघायचे, पडायचे, बर्फ झटकायचे आणि पुन्हा पट्ट्यापाशी यायचे. दहा वाजता एक वळण आले. साडेदहाला दोन. अकराला पाच मिनिटे असताना लीना खाली उभी राहून पाहत असता तीन वळणे सलग आली, आणि चौथ्यात पंजाखालची कड सुटून तो तोंडघशी पडला.

"तीन," लीना म्हणाली.

"तीन," त्याने मान्य केले.

बाकीचे पाच जण तिच्यामागून लिफ्टकडे गेले. त्यांतल्या एकाने जाताना हात हलवला. पद्माकरने हात हलवला आणि तो पट्ट्याकडे वळला. एक वाजता वर्ग संपला, गट परत आला, लोकांनी फोटो काढले. पद्माकर पट्ट्यावरच होता. जेवायचे त्याला सुचलेच नाही. सव्वा वाजता चार वळणे आली. ती नशिबाने आली असतील म्हणून त्याने पुन्हा काढली. मग पाच काढली.

दोन वाजता नीता वरून आली आणि त्याच्यापुढे बोर्ड आडवा करून थांबली.

"गेलास वर?"

"नाही. अकराला तीनच झाली. आता पाच होतात."

"दाखव."

त्याने दाखवली. लिफ्टच्या दिशेने नीताने नुसती मान हलवली.

लिफ्टवरून उतरताना तो पडला, आणि मागच्या खुर्चीतल्या माणसांसाठी यंत्र थांबवावे लागले. नीता बाजूला उभी राहिली. तिने हात पुढे केला नाही आणि त्याने पाहिलाही नाही. समोर निळ्या खुणांचा सोपा म्हणवणारा उतार होता. खालून तो सोपा दिसे. वरून तो रस्ता होता, रुंद आणि पांढरा, आणि मध्येच एका ठिकाणी तो दिसेनासा होई, कारण तिथून पुढे तो एकदम कोसळत होता.

"मी पुढे जाऊन थांबते," नीता म्हणाली आणि गेली.

पहिला टप्पा त्याने नऊ वळणांत आणि अकरा पडण्यांत पार केला. दर वेळी उठल्यावर त्याला खाली दूरवर नीता उभी दिसे, चष्मा डोळ्यांवर, चेहरा न वाचता येणारा. मग तो कोसळणाऱ्या टप्प्याच्या तोंडाशी आला आणि टाचेची कड रोवून उभा राहिला.

इथे त्याच्या डोक्यातला जुना वकील जागा झाला. अट काय होती? वरून खाली एकटा येणे. कसे यायचे हे अटीत म्हटलेले नव्हते. टाचेच्या कडेवर बोर्ड आडवा धरून हा सगळा उतार खरवडत उतरता आला असता. पडायचे कारण नव्हते, वळायचेही नव्हते. फार काय, बोर्ड काढून काखेत मारून चालत गेला असता, तरी शब्दशः अट पुरी झाली असती आणि नीताशी त्या मुद्द्यावर वाद घालून तो जिंकलाही असता. तो कसा जिंकेल हे त्याला वाक्यावाक्यासह दिसत होते. आणि जिंकल्यावर मार्चमध्ये, आल्गॉयच्या त्या घराच्या दारात, रोज सकाळी तोच मुद्दा घेऊन त्याला उभे राहावे लागणार होते. डोंगराला मुद्दे समजत नाहीत. नीताला समजतात, पण त्यांचा तिला उपयोग नव्हता. तिला बरोबर येणारा माणूस हवा होता.

त्याने डाव्या पायावर भार टाकला. बोर्डाचे तोंड सरळ खाली झाले, आणि दोन्ही गुडघे वाकवून त्याने पंजाची कड बर्फात दाबली. बोर्ड वळला. पद्माकरचे तोंड आता डोंगराकडे होते आणि पाठ दरीकडे. हा क्षण त्याला तीन दिवस जमला नव्हता. तो जमला, आणि त्या आनंदात पुढचे वळण चुकून तो दहा हात घरंगळत गेला. उठला. पुन्हा पंजाची कड, पुन्हा पडला. उठला. तिसऱ्यांदा मात्र ती टिकली, मग टाचेची, मग पुन्हा पंजाची. दोन शाळकरी मुली त्याच्या बाजूने वाऱ्यासारख्या गेल्या. त्याने त्यांच्याकडे पाहिले नाही. पाहायला त्याच्याकडे डोळे शिल्लक नव्हते, दोन्ही पुढच्या वळणावर लागले होते. हातमोज्यांत पाणी शिरले होते. डावा पाय पुढे, गुडघा वाकता, नजर खाली नको, लांब: आता हे शब्द त्याला मनात म्हणावे लागत नव्हते.

खाली सपाटीवर नीता उभी होती. तो तिच्यापर्यंत घसरत आला, थांबला, आणि थांबल्यावरच बसला.

नीताने चष्मा कपाळावर सरकवला. "किती वेळा पडलास?"

"चौदा."

"मी तेरा मोजले."

"लिफ्टवरून उतरताना एक."

"तो धरत नाही. तिथे सगळेच पडतात." ती वर उताराकडे पाहत राहिली, जणू तो पुन्हा एकदा तिथून उतरत होता आणि ती तपासत होती. "टाचेवर बरा आहेस. पंजावर घाबरतोस. मधल्या टप्प्यात घसरत उतरला असतास तर मी काही बोलू शकले नसते."

"माहीत आहे."

"मग का नाही उतरलास?"

पद्माकर वाकून पायांचे पट्टे सोडू लागला. उत्तर त्याच्याकडे होते; वाद नको होता.

नीताने हातमोजा काढला, खिशातून फोन काढला आणि उल्काचा नंबर लावला. पलीकडून घंटा वाजू लागली, तेव्हा ती पद्माकरकडे वळली.

"काठावर पास," ती म्हणाली.